गोवर-रुबेला लसीकरणाचे नियोजन : तालुक्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

रुबेला लहान मुलाला झाला तर बहुतेक वेळा घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. थोडा ताप येतो, कानामागे आणि मानेवर बारीक गाठी येतात, चेहऱ्यापासून सुरू झालेले पुरळ तीन दिवसांत मावळते आणि मूल पुन्हा अंगणात खेळू लागते. विचारले तर आई ‘गोवर येऊन गेला’ एवढेच सांगते. हाच विषाणू गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाईच्या अंगात शिरला, तर गर्भातल्या दहांपैकी आठ-नऊ बाळांना त्याची झळ पोहोचू शकते. गर्भ पडतो, बाळ मृत जन्मते, किंवा जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यात मोतीबिंदू, हृदयात दोष आणि कानात कायमचे बहिरेपण राहते. या व्यंगांच्या समूहाला जन्मजात रुबेला संलक्षण म्हणतात. त्याचा आणि रुबेलाचा संबंध प्रथम दाखवला तो ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी, 1941 मध्ये. एकामागून एक मोतीबिंदू झालेली तान्ही बाळे त्यांच्याकडे येऊ लागली होती आणि त्यांच्या आयांना गरोदरपणी रुबेला होऊन गेला होता.

माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे पाटण तालुक्याच्या डोंगरात आणि नंतरची जत तालुक्याच्या माळावर गेली. प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्य सेविका लसीकरणाचे नियोजन कसे करावे असे विचारतात, तेव्हा तोंडी जे सांगत आलो ते येथे क्रमाने लिहीत आहे. उदाहरणे सातारा-सांगलीची आहेत. पण ज्या देशांत लोक पोटासाठी फिरतात, वीज जाते-येते आणि जन्माची नोंद वेळेवर होत नाही, तेथे पायऱ्या याच राहतात.

पहिली पायरी : ही लस कुणासाठी आहे ते समजून घेणे

नऊ महिन्यांच्या मुलाला टोचलेली रुबेलाची लस त्या मुलाला रुबेलापासून वाचवते हे खरे, पण त्या मुलाला रुबेलापासून तसा मोठा धोका नसतोच. धोका आहे शेजारच्या घरातील गरोदर बाईच्या पोटातील बाळाला, आणि ते मूल मुलगी असेल तर वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या पोटी येणाऱ्या बाळाला. गोवराची लस टोचलेल्या मुलाचाच जीव वाचवते. रुबेलाचे तसे नाही, आणि नियोजनातील बहुतेक चुका हा फरक न कळल्यामुळे होतात.

तो समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. लस नसलेल्या समाजात रुबेलाचा एक रुग्ण सरासरी पाच ते सात जणांना आजार देतो, त्यामुळे बहुतेकांना तो बालपणीच होऊन जातो आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. आता समजा, आपण लस सुरू केली आणि निम्म्याच मुलांना दिली. विषाणू फिरायचा थांबत नाही, पण त्याचा वेग मंदावतो. ज्या मुलीला पूर्वी सहाव्या वर्षी रुबेला झाला असता, ती लसीशिवाय आणि आजाराशिवायच मोठी होते, लग्न होऊन सासरी जाते आणि विषाणू तिला गाठतो तो गरोदरपणात. म्हणजे अर्धवट लसीकरणाने रुबेलाचे एकूण रुग्ण कमी होऊनही जन्मजात व्यंगे वाढू शकतात. ग्रीसमध्ये हे प्रत्यक्ष घडले. तेथे 1970 च्या दशकात लस आली, पण बरीच वर्षे तिचे प्रमाण निम्म्याच्या खाली राहिले, आणि 1993 मध्ये तरुण वयातील लोकांत रुबेलाची साथ आली व जन्मजात रुबेलाची बाळे जन्मली.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने बरीच वर्षे अशी अट ठेवली होती की, नियमित लसीकरणातून किंवा मोहिमांतून किमान 80 टक्के मुलांपर्यंत पोहोचण्याची खात्री असेल तरच त्या देशाने रुबेलाची लस सुरू करावी. हा आकडा वरच्याच गणितातून येतो. एका रुग्णापासून पाच जणांना लागण होत असेल तर प्रसार थांबण्यासाठी पाचांपैकी चौघे सुरक्षित असावे लागतात. संघटनेच्या तज्ज्ञ सल्लागार गटाने 2024 मध्ये ही अट काढून टाकण्याची शिफारस केली, म्हणून आज कुठल्याही देशाने लस सुरू करण्यासाठी थांबायचे कारण उरलेले नाही. आपल्या तालुक्यातील एखाद्या वाडीत निम्मीच मुले लसवंत असतील तर त्या वाडीत काय होईल, हे गणित मात्र तसेच उभे आहे.

फक्त मुलींनाच लस द्यावी असे सुचवणारे लोक आजही भेटतात, आणि वरवर पाहता ते पटतेही. ब्रिटनने 1970 पासून शाळकरी मुलींनाच लस देऊन पाहिली. व्यंगे कमी झाली, पण मुलांमध्ये विषाणू फिरतच राहिला आणि राहून गेलेल्या गरोदर बायांपर्यंत पोहोचत राहिला, म्हणून 1988 पासून तेथे सर्वच बालकांना लस सुरू झाली. दक्षिण अमेरिकेत चिलीने मोठ्या वयाच्या मोहिमेत फक्त स्त्रियांना लस दिली होती; पुढे 2007 च्या सुमारास आलेल्या साथीत रुग्ण प्रामुख्याने तरुण पुरुष होते. नंतर स्त्री-पुरुष दोघांनाही लस देऊनच अमेरिका खंड 2015 मध्ये रुबेलामुक्त जाहीर झाला. तेव्हा घरी मुलगा असला तरी लस हवीच, हे आपण ठामपणे सांगावे.

याच कारणाने आता बहुतेक विकसनशील देशांत ठरलेला मार्ग असा आहे : आधी नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील सर्व मुलांची एक मोठी मोहीम घेऊन साचलेली दरी एकदम बुजवायची आणि लगेच नियमित लसीकरणात गोवराच्या लसीच्या जागी गोवर-रुबेला संयुक्त लस आणायची. भारताने हेच केले. 5 फेब्रुवारी 2017 रोजी कर्नाटक, तमिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे मोहीम सुरू झाली. महाराष्ट्राची मोहीम 27 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाली. आता पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान दिला जातो. तुमच्या वाट्याला मुख्यतः हे नियमित काम आणि अधूनमधून राहून गेलेल्यांसाठीच्या विशेष फेऱ्या येणार आहेत.

दुसरी पायरी : मोजणी, आणि यादीत नसलेल्यांचा शोध

सूक्ष्म नियोजनाचे तक्ते भरण्याआधी हातात स्वतःची मोजणी असली पाहिजे. अंदाज बांधायचा तर पद्धत सोपी आहे. पाच हजार वस्तीचे गाव असेल आणि हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला पंचाहत्तर बाळे, म्हणजे महिन्याला सहा. हा आकडा लस मागवण्यापुरता ठीक आहे. कोण राहिले हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आशा ताईची घरोघरची नोंद, अंगणवाडीचे रजिस्टर, उपकेंद्राची गरोदर मातांची नोंद आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद अशा चार वह्या एका टेबलावर शेजारी शेजारी उघडून नाव-नाव ताडून पाहावे लागते. दुपार जाते, पण दर वेळी एखादे तरी नाव एका वहीत असते आणि दुसऱ्या तीनांत नसते. आपले काम त्या नावापासून सुरू होते.

ज्यांचे नाव कुठल्याच वहीत नसते त्यांना शोधण्यासाठी आपला मुलूख कसा हलतो हे ठाऊक असावे लागते. दिवाळीच्या आगेमागे कराड, वाळवा, फलटण या कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. माण, आटपाडी, जत भागातील मेंढपाळांचे वाडे पावसाळा संपला की चराईसाठी बाहेर पडतात. विट्याच्या आणि आटपाडीच्या परिसरातील कुटुंबे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळे देशभर पांगलेली आहेत, आणि त्यांच्या मुलांचे पहिले डोस कुठल्या तरी परराज्यातील दवाखान्यात झालेले असतात. जावळी-पाटणचे निम्मे घर मुंबईत असते आणि गणपतीत, शिमग्याला गावी येते. वीटभट्ट्या आहेत, बांधकामावरची पाले आहेत.

ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, मी पहिल्या वर्षी सकाळी दहाला जात असे आणि कोप्यांत म्हाताऱ्या माणसांखेरीज कुणी सापडत नसे. टोळ्या पहाटे अंधारातच फडात जातात आणि अंगावर पिणारी मुलेही आईबरोबर फडातच असतात. कोणती टोळी आज कोणत्या फडात आहे हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, अचूक माहीत असते. त्याच्याकडून गावाचे आणि मुकादमाचे नाव घेऊन आम्ही फडाच्या बांधावर जाऊ लागलो. एकदा बीडकडच्या एका बाईने कोयता खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि बैलगाडीच्या साटीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात रेशनकार्ड, आधार कार्डे आणि चार घड्या घातलेले बाळाचे माता व बाल संरक्षण कार्ड होते. पहिला डोस तिने गावी घेतला होता आणि दुसरा सहा महिने थकला होता. ती म्हणाली, ‘सायेब, आमाला कुनी इचारलंच न्हाई.’ त्या दिवशी त्या बांधावर नऊ मुलांना लस दिली, आणि त्यांतल्या एकाचेही नाव आमच्या कुठल्या यादीत नव्हते. तेव्हापासून माझ्या नियोजनात एक स्वतंत्र पान असते : चिटबॉय, मुकादम, वीटभट्टीमालक, मेंढपाळांच्या वाड्याचा म्होरक्या यांची नावे आणि फोन नंबर. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने पहिल्या महिन्यात हे पान तयार करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाहेरच्या मुलाला लस देताना ‘हे आपल्या उद्दिष्टात धरले जाईल का’ असा प्रश्न मनात आणू नये. विषाणू तालुक्याची हद्द पाहत नाही. कर्नाटकाला लागून असलेल्या जतच्या गावांत मुले मामाकडे, आत्याकडे सीमेपलीकडे जात-येत असतात. कर्नाटकाची मोहीम आपल्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षे आधी झाल्याने कुणाला लस मिळाली आहे आणि कुणाला नाही याचा तेथे मोठा गोंधळ होता. अशा वेळी नियम साधा आहे. कार्ड नसेल आणि खात्री नसेल, तर डोस द्यावा. आधी मिळालेला असला तरी आणखी एका डोसाने अपाय होत नाही.

तिसरी पायरी : वेळापत्रक आणि जागा

शाळांच्या परीक्षा, जत्रा, पाऊस आणि ऊसाचा हंगाम हे सगळे एका कागदावर लिहून मगच सत्रांच्या तारखा ठरवाव्यात. जानेवारीत मांढरदेवच्या आणि पालच्या यात्रा असतात. त्या आठवड्यात आसपासच्या गावांत सत्र लावले तर आरोग्य कर्मचारीही यात्रेच्या बंदोबस्तात असतात आणि लोकही. कोयनेच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये अनेक वाड्यांची वाट तुटते, म्हणून तेथील मुलांचे डोस जूनच्या आधी आणि उरलेले पाऊस ओसरताच पूर्ण करावेत. तापोळ्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात शिवसागरातून लाँचने जावे लागते. लाँचची वेळ चुकली तर परत येताना व्हॅक्सिन कॅरिअरमधील बर्फ पुरेल का, हा प्रश्न निघण्यापूर्वी सोडवलेला असावा. कृष्णाकाठी पलूस, मिरज, वाळवा भागात 2005, 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको की शीतसाखळीची (लस थंड ठेवण्याची) उपकरणे तळमजल्यावरच्या सखल खोलीत ठेवू नयेत.

मोहीम असेल तर सुरुवात शाळांपासून करावी, कारण मोठ्या वयाची बहुतेक मुले तेथे एका जागी सापडतात. त्यानंतर अंगणवाड्या आणि वस्त्या, आणि शेवटचा आठवडा राहून गेलेल्यांसाठी राखीव. हा शेवटचा आठवडा कागदावर दाखवून प्रत्यक्षात अहवाल भरण्यात घालवला जातो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तसे होऊ देऊ नका.

चौथी पायरी : लसीचा आणि साहित्याचा हिशोब

एखाद्या तालुक्यात मोहिमेचे उद्दिष्ट 40,000 मुलांचे आहे असे समजू. मोहिमेत साधारण दहा टक्के लस वाया जाईल असे धरतात, म्हणून 40,000 ला 0.9 ने भागायचे : 44,444 डोस, म्हणजे दहा डोसांच्या 4,445 कुप्या. तितकेच द्रावक (लसीच्या भुकटीत मिसळायचा द्रव), तेही त्याच उत्पादकाचे आणि त्याच लसीसाठीचे. टोचण्यासाठी 0.5 मिलीच्या एडी सिरिंज (एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या) मुलांच्या संख्येपेक्षा दहा टक्के जास्त, आणि प्रत्येक कुपीसाठी मिसळण्याची एक स्वतंत्र सिरिंज. नियमित सत्रात मुले थोडी असतात, त्यामुळे लस जास्त वाया जाते; तेथे पंचवीस टक्के धरावेत. मघाच्या पाच हजार वस्तीच्या गावाला वर्षाला दोन्ही डोस मिळून 150 लागतील, तर 0.75 ने भागून 200 डोस मागवावेत.

या हिशोबाशी एक दुखणे जोडलेले आहे. सत्राला एकच मूल आले तर दहा डोसांची कुपी फोडायची का, असा प्रश्न आरोग्य सेविकेसमोर उभा राहतो, आणि वाया गेलेल्या लसीचा जाब विचारला जाईल या भीतीने ती आईला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणते. ती आई पाच किलोमीटर चालत आलेली असते. पुढच्या महिन्यात ती येईलच असे नाही. एका मुलासाठीही कुपी उघडायची, असे शासनाचेच धोरण आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याने हे आपल्या सेविकांना मासिक सभेत सर्वांसमोर सांगावे, आणि वाया गेलेल्या नऊ डोसांबद्दल कुणालाही बोलणार नाही असा शब्द देऊन तो पाळावा. जगातील अनेक विकसनशील देशांना जाणारी ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. महामार्गाने दोन-तीन तासांत साताऱ्याला पोहोचेल इतकी ती आपल्या जवळ आहे. लसीचा तुटवडा आपल्याकडे क्वचितच खरा अडथळा असतो. शेवटच्या वाडीपर्यंत ती थंड आणि वेळेवर नेणे हे अवघड काम आहे.

लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, आयएलआरचे (लस ठेवण्याच्या खास फ्रिजचे) तापमान दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही, नोंदवायचे. द्रावक गोठवू नये, पण वापरण्याच्या आधी 24 तास लसीसोबत थंड करून घ्यावे. कोमट द्रावक टाकले तर लस तेथेच निकामी होते.

पाचवी पायरी : सत्राचा दिवस

कुपीच्या झाकणावर व्हीव्हीएम, म्हणजे लसीला उष्णता लागली की रंग बदलणारी खूण, असतो. आतील चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच कुपी घ्यावी. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला तर ती बाजूला ठेवावी. मुले आल्यावरच कुपी उघडावी. द्रावक मिसळल्यावर, आणि एकाही मुलाला टोचण्यापूर्वी, कुपीवर पेनाने तारीख आणि वेळ लिहावी. दहा वाजून पाच मिनिटांनी मिसळली असेल तर दोन वाजून पाच मिनिटांनी त्या कुपीचे आयुष्य संपले, मग तिच्यात सात डोस उरले असोत की एक. चार तासांचा हा नियम या लसीत सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण हिच्यात जंतूंना रोखणारे द्रव्य नसते. उघड्या कुपीत जंतू शिरले तर ते वाढतात आणि पुढच्या बाळाच्या अंगात जातात. 2017 मध्ये दक्षिण सुदानमधील गोवर मोहिमेत एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली आणि लसही थंड ठेवली नव्हती. पंधरा लहान मुले दगावली. 2014 मध्ये सीरियाच्या इदलिब भागात द्रावकाऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध चुकून मिसळले गेले आणि तेथेही पंधरा बालके गेली. दोन्ही ठिकाणी दोष मूळ लसीत नव्हता, ती हाताळण्यात होता. म्हणून आयएलआरमध्ये लसीखेरीज दुसरे कोणतेही औषध ठेवायचे नाही. यात इन्सुलिन आले, सापाच्या विषावरचे इंजेक्शन आले आणि कर्मचाऱ्याच्या घरचे इंजेक्शनही आले. एका आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये लसीच्या कुप्यांशेजारी प्रसूतीच्या वेळी द्यायच्या इंजेक्शनचे काचेचे अँप्युल मी स्वतः पाहिले आहेत; आकार द्रावकासारखाच होता. ते तसेच हातात धरून मी काही वेळ उभा राहिलो, कारण घाईच्या दिवशी कुणाच्याही हातून चूक होऊ शकली असती.

लस उजव्या दंडावर, त्वचेखाली, 0.5 मिली देतात. नऊ महिन्यांच्या डोसासोबत जीवनसत्त्व अ चा पहिला डोस असतो, तो विसरू नये. सुई हब कटरने तेथेच कापावी. लस घेतलेल्या प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवावे, आणि अ‍ॅड्रेनालिनसह तातडीच्या औषधांचा डबा हाताशी, कुलुपाबाहेर असावा. तीव्र अ‍ॅलर्जी अत्यंत विरळ आहे, पण जेव्हा होते तेव्हा मिनिटांचा हिशोब असतो. शाळेत मोठ्या मुली कधी कधी भीतीने भोवळ येऊन पडतात आणि एकीला पाहून दुसरीला भोवळ येते. मुले उपाशीपोटी नसावीत, टोचण्याची खोली आणि थांबण्याची खोली वेगळी असावी, आणि रांगेतील मुलांना सुई दिसू नये, एवढे पाळले तर हा प्रकार जवळजवळ होत नाही.

गरोदर स्त्रीला ही लस देत नाहीत, आणि मोठ्या वयात लस घेतलेल्या स्त्रीने महिनाभर गर्भधारणा टाळावी असे सांगतात. मात्र दिवस गेल्याचे ठाऊक नसताना चुकून लस दिली गेली तर घाबरू नये. अशा शेकडो गरोदरपणांचा मागोवा घेतला गेला आहे आणि लसीमुळे जन्मजात रुबेला झाल्याचे आढळलेले नाही. एवढ्या कारणासाठी गर्भपाताचा सल्ला कुणीही देऊ नये. साधा सर्दी-खोकला, जुलाब, कुपोषण ही लस पुढे ढकलण्याची कारणे नाहीत. कुपोषित मुलाला तर ती आधी हवी.

सहावी पायरी : लोकांशी बोलणे

2018 च्या मोहिमेत ‘या लसीने पुढे मुले होत नाहीत’ असा मजकूर मोबाइलवर फिरला होता, आणि काही वस्त्यांत त्यामुळे शाळेच्या दिवशी मुले घरीच ठेवली गेली. अशा वेळी पोलिसी आवाज चढवून काही साधत नाही. लोक ज्यांचे ऐकतात त्यांना आधी भेटावे : शाळेचे गुरुजी, मशिदीतील इमाम, गावातील खाजगी डॉक्टर, महिला बचत गटाच्या अध्यक्षा. खाजगी डॉक्टरांना तर नियोजनाच्या पहिल्याच बैठकीला बोलवावे, कारण आई शंका विचारायला त्यांच्याकडेच जाते, आणि त्यांच्याकडे लस घेतलेल्या मुलांची नोंद आपल्याला हवी असते. रयत शिक्षण संस्थेचे जाळे ज्या मुलखात गावोगाव पोहोचले आहे, तेथे शाळेचा शब्द आजही वजनदार आहे. मुख्याध्यापकांनी पालकसभेत स्वतःच्या नातवाला लस दिल्याचे सांगितले की आमचे अर्धे काम होत असे.

काय सांगावे? खरे तेच सांगावे, अप्रिय भागासह. लशीनंतर पाच ते बारा दिवसांत काही मुलांना हलका ताप आणि थोडे पुरळ येते व आपोआप जाते. हे आधी न सांगता ताप आला, की पुढच्या डोसाला ते घर दार उघडत नाही. बाळाला ही लस कशासाठी, असे कुणी विचारले तर मी सासूबाईंना जवळ बोलावून घेतो आणि म्हणतो, तुमच्या सुनेच्या पोटातल्या बाळाला शेजारच्या पोराचा ताप लागू नये म्हणून हे आहे. त्या लगेच समजतात.

सातवी पायरी : पडताळणी आणि देखरेख

उद्दिष्टापेक्षा जास्त, 104 टक्के वगैरे, काम झाल्याचा आकडा आला की आनंद मानू नये. आपली मोजणी कच्ची होती एवढाच त्याचा अर्थ. सत्रानंतर काही दिवसांनी, शक्यतो दुसऱ्या उपकेंद्राच्या माणसाला पाठवून, वस्तीतील वीस घरे पाहावीत. मोहिमेत डाव्या अंगठ्याच्या नखावर केलेली खूण आणि कार्ड दोन्ही तपासावे. राहिलेली मुले सापडली तर ती का राहिली हे त्यांच्या आईच्या शब्दांत लिहून घ्यावे. ‘नकार’ एवढाच शब्द लिहिला तर पुढचे नियोजन करता येत नाही. ‘त्या दिवशी बाजार होता’ असे लिहिले, तर बाजाराचा वार टाळता येतो. गोवराला थोपवण्यासाठी दोन्ही डोसांचे प्रमाण 95 टक्क्यांवर हवे, आणि लस एकत्रच असल्याने रुबेलाचे काम त्यातच होते. पण हे प्रमाण तालुक्याच्या सरासरीत पाहू नये, प्रत्येक वाडीचे वेगळे पाहावे.

ताप आणि पुरळ असलेला प्रत्येक रुग्ण, वय कितीही असो, कळवायचा आणि त्याचा रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. डोळ्यांनी पाहून गोवर आणि रुबेला वेगळे ओळखता येतात असे समजू नये. त्या घरात किंवा आसपास गरोदर स्त्री आहे का, हा पहिला प्रश्न असावा. असेल आणि पहिल्या पाच महिन्यांत असेल, तर तिला त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवून तिचीही तपासणी करावी.

जन्मजात रुबेलाची बाळे शोधणे हे सगळ्यांत दुर्लक्षित काम आहे. 2010 साठीचा जगाचा अंदाज वर्षाला सुमारे एक लाख बाळांचा होता, आणि त्यांतली बहुतेक कुठल्याच नोंदीत नव्हती. पाटणमध्ये असताना एका उपकेंद्रात दीड महिन्याच्या बाळाला पहिल्या लशींसाठी आणले होते. आजीने त्याला उजेडाकडे धरले तेव्हा दोन्ही बुबुळांच्या मध्ये दुधासारखी पांढरी झाक दिसली. टाळी वाजवली तरी त्याने मान वळवली नाही. आईला विचारले तर दुसऱ्या महिन्यात ‘अंगावर बारीक पुरळ उठलं होतं, दोन दिवसांत गेलं’ असे ती म्हणाली. तेव्हा आपल्याकडे सरकारी लसीकरणात रुबेलाची लस नव्हती. म्हणून आता सांगतो, दीड महिन्याच्या लसीकरणाला आलेल्या प्रत्येक बाळाच्या बुबुळांत टॉर्चच्या उजेडात पाहायला सेविकेला शिकवा, त्याला अर्धे मिनिट लागते. पांढरी झाक, हृदयाचा जादा आवाज, आवाजाला प्रतिसाद नसणे, डोके लहान असणे, यांपैकी काहीही दिसले तर बाळ जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेसारख्या ठिकाणी, जेथे नेत्रतज्ज्ञ आणि बालहृदयरोगतज्ज्ञ दोन्ही भेटतील तेथे, चिठ्ठी देऊन पाठवावे आणि ते पोहोचले की नाही याचा फोन करावा. मोतीबिंदू लवकर काढला तर दृष्टी बरीच वाचते. अशा बाळाच्या लघवीतून आणि घशातून विषाणू वर्षभरही बाहेर पडू शकतो, म्हणून त्याला हाताळणाऱ्या गरोदर कर्मचारी भगिनींना त्या कामातून बाजूला ठेवावे.

दर आठवड्याचा ताप-पुरळ अहवाल एकही रुग्ण नसला तरी पाठवायचा असतो. तेथे रकाना रिकामा ठेवू नये, शून्य लिहावे. रिकामा रकाना पाहून वरच्या अधिकाऱ्याला कळत नाही की रुग्ण नव्हता की कुणी शोधलाच नाही. आणि शून्य लिहिण्यापूर्वी त्या आठवड्यात गावातील खाजगी दवाखान्यांना आणि त्या हंगामात आलेल्या टोळ्यांच्या मुकादमांना एकदा फोन करून विचारलेले असावे.